पुंजाजी गुरव आणि नारिंगी डबा

निंबारीच्या मारुतीचं नाक पुंजाजी गुरवाच्या अंगठ्यानं केलेलं होतं. देव दगडाचा खरा, पण तो दगड हयात माणसांपैकी कुणी पाहिलेला नव्हता. दर शनिवारी तिळाच्या तेलात कालवलेला शेंदूर चढायचा, थरावर थर. पुंजाजीच्या आधी त्याचा बाप उकंडबुवा लावायचा, त्याच्या आधी आजा. थर चढला की तोंड बुजायचं. मग ओला शेंदूर अंगठ्यानं दाबून नाक काढायचं, गालांना गोलाई द्यायची आणि चांदीचे दोन डोळे पुन्हा जागच्या जागी बसवायचे. असं करता करता देव चांगलाच गुबगुबीत झाला होता. देवाचे गाल गुरवाच्या घरावर गेलेत, असं बाया पदराआड हसून म्हणत. पुंजाजीला ते ऐकून मनातून फार बरं वाटे, पण तो तसं तोंडावर दिसू देत नसे.

निंबारी हे गाव वडनेर भोलजीपासून दोन कोसांवर. पुंजाजीचं तिथं गुरवकीचं थोडं वावर होतं, त्यात वांगी-कांदे करायचे आणि शनिवारी देवाला शेंदूर लावायचा, एवढं त्याचं जग. वय पन्नाशीचं, अंगानं काटक आणि बोलायला महालाजरा. त्याच्या वाट्याचं बोलणं बायको गीताबाई बोलून टाकायची, आणि तिच्याकडून काही राहिलंच तर ओसरीवर बाजेला खिळलेला उकंडबुवा होता. बुवाचे पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती.

एकोणीसशे चौसष्टच्या दिवाळीनंतर नवरा-बायको शेगावला दर्शनाला गेले. दर्शन झालं, झुणका-भाकर खाऊन झाली आणि येताना पुंजाजी एका मूर्तीच्या दुकानापुढं जो थबकला तो हलेचना. प्लास्टरचे देव ओळीनं मांडलेले. निळा कृष्ण, गुलाबी गालांची लक्ष्मी, आणि चकाकी अशी की आपलं तोंड त्यात दिसावं. एक हातभर मारुतीही होता, ओठ लाल, दात पांढरेशुभ्र.

"आपला मारुती याच्यापुढं मळकट दिसते," पुंजाजी म्हणाला.

"मंग? त्याले काय लगनाले जाचं हाये?" गीताबाई म्हणाली. "चाला, गाडी सुटन."

गाडी मिळाली, पण पुंजाजीचं मन दुकानातच राहिलं. माणूस साधा असला म्हणजे त्याला हौस नसते असं थोडंच आहे! उलट अशा माणसाची हौस एकदाच उठते आणि मग तिला आवरणं कठीण जातं.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीच्या नव्या कचेरीची दारं रंगवायला सरपंच भगवंतरावांनी खामगावहून ऑइलपेंटचे डबे आणले होते. त्यातला एक नारिंगी निघाला. कचेरीला नारिंगी दार कोण लावणार? तो डबा कोपऱ्यात पडून राहिला. पुंजाजीनं भीत भीत मागितला, तर भगवंतराव म्हणाले, "ने ना, गुरवबुवा. तसाही वायाच जाऊन राह्यला."

शुक्रवारी पहाटे देवळाचं दार लोटून घेऊन पुंजाजीनं देवाला तो डब्यातला रंग फासला. उकंडबुवानं त्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती की देवाला तेल पिऊ द्यावं लागतं, म्हणून शेंदूर तेलाचाच. पण रंग असा झळकला की बापाची शिकवण मागं पडली. उजाडल्यावर लोक आले आणि बघतच राहिले. "कुठचा हो हा शेंदूर?" कुणीतरी विचारलं. पुंजाजीच्या तोंडून निघून गेलं, "खामगावचा. भारीतला." जन्मात तो पहिल्यांदा देवळात खोटं बोलला. उरलेला रंग त्यानं आपल्या घराच्या चौकटीला लावून टाकला, आणि त्या दिवसापासून शनिवारी तो नुसता तेलाचा हात फिरवू लागला. तेल देवाच्या अंगावर ठरत नसे, ओघळून खाली यायचं. पुंजाजी ते फडक्यानं पुसायचा आणि इकडंतिकडं बघायचा.

हिवाळा सरला, शिमगा झाला, चैत्राचं ऊन तापलं. हनुमान जयंतीला पाच दिवस उरले असताना देवळाशेजारची अंबूबाई नेहमीप्रमाणे सकाळी देवाला पाणी घालायला गेली आणि तिथूनच ओरडत सुटली, "अवं माय! मारुतीनं कवच सोडलं वं!"

सगळं गाव धावलं. कपाळापासून पोटापर्यंतचं शेंदराचं कवच सुटून देवाच्या पायाशी पडलं होतं. देवानं आपणहून कवच सोडणं म्हणजे भाग्याची गोष्ट. शंभर वर्षांत एखाद्या गावाच्या नशिबी येते. नारळ फुटले, डफडी आली. कवचाचे तुकडे नव्या कोऱ्या कापडात बांधून पूर्णा नदीच्या डोहात सोडायचे आणि जयंतीला सूर्य उगवताना गुरवानं नवा शेंदूर चढवायचा, असं तिथल्या तिथं ठरलं. दुपारपर्यंत वडनेरहून बैलगाड्याही यायला लागल्या.

तुकडे गोळा करायचं काम गुरवाचं. पुंजाजीनं एक उचलला. चांगला वीतभर जाड होता. मोडलेल्या कडेला थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. वरचा केशरी त्याच्या हातचा. खाली बापाच्या हातचा गडद. मध्येच एक तपकिरी पट्टा, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालांतला. शेंदूर मिळेना म्हणून तेव्हा सगळ्या गावानंच गेरू घालायला सांगितलं होतं. त्याच्याही खाली आज्याचा रंग, काळपट झालेला. आणि सगळ्यांत वर, नखाएवढी पातळ, चकचकीत साल. तिच्याखाली तेल घामासारखं साचून चिकट झालं होतं. बाहेर जायला त्याला वाटच मिळाली नव्हती. उन्हानं ते फुगलं आणि तीन पिढ्यांचा शेंदूर घेऊन खाली आलं.

देवानं काही सोडलं नव्हतं. पुंजाजीनं पाडलं होतं.

त्यानं मान वर केली आणि दगड पाहिला. कोण्या पाथरवटानं काय जीव ओतून घडवला होता! काळ्या दगडात बारीक हनुवटी, मिटल्यासारखे डोळे, ओठांवर जेमतेम हसू. गाल गुबगुबीत नव्हतेच. आपण वीस वर्षं ज्याला देवाचं तोंड समजून घडवत होतो, ते या तोंडावरचं झाकण होतं, हे पुंजाजीला कळलं आणि त्याला भयंकर लाज वाटली.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. खोटं पोटात ठेवून या देवाला हात कसा लावायचा? आणि खरं सांगितलं तर गाव हात लावू देईल का? गुरवकी गेली तर मागं काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं. तरीही जयंतीच्या आदल्या दुपारी तो पारावर जाऊन उभा राहिला. तिथं भगवंतराव होते, अंबूबाई होती, पन्नासेक माणसं होती.

"देवानं कवच सोडलं नाही," पुंजाजी म्हणाला. "म्याच पाडलं. म्या डब्यातला रंग लावला होता, कचेरीचा. वरून खोटं बोललो. मले माफी नका देऊ. गुरवकी दुसऱ्याले द्या."

भगवंतरावांनी डोळे पुसले. "पाहा, किती मोठं मन हाये! कवच सुटल्याचं श्रेय आपल्याले नको म्हनून दोष घेऊन राह्यला गडी."

"तसं नाही हो, मालक! डबा तुमीच देल्ला ना!"

"म्या काय डबे कमी वाटले? डब्यानं देव कवच सोडते काय?"

पुंजाजी कधी नव्हे तो हट्टाला पेटला. "खोटं वाटते तं चाला माह्या घरी. तोच रंग चौकटीले लावला हाये. तोही फुगून फुगून निंघाला." आणि खरंच तो सगळ्यांना घेऊन घरी आला. चौकटीवर नारिंगी पोपडे लोंबत होते. खाली जुनं सागवान उघडं पडलं होतं. पुंजाजीनं एक पोपडा नखानं काढून दाखवला.

अंबूबाईनं तो त्याच्या हातातून घेतला, कपाळाला लावला आणि चौकटीपुढं डोकं टेकलं. "गुरवाच्या दारीही कवच सुटलं, बाप्पा!"

झालं! हार आला, उदबत्त्या आल्या, चौकटीला कुंकू लागलं. दोन माणसं पुंजाजीच्या पाया पडली. तो मागं सरकला तर तिसरं त्याच्या पायांवर वाकलं. गीताबाई चुलीपाशी कपाळावर हात मारून बसली होती. ती म्हणाली, "आता आपल्याच घरात शिराले चपला काढा लागतीन." गाव समाधानानं परत गेलं आणि पुंजाजी आणखी मोठा खोटारडा होऊन अंगणात उरला.

तो ओसरीवर गेला. उकंडबुवा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. पुंजाजी खाली बसला.

"बा, तुमी ऐकलं?"

"हं."

"त्याईले पटत नाही. पन खरं हाये. म्या डबा लावला. तुमच्या हातचं, आज्याच्या हातचं, सारं पाडलं."

म्हातारा कुशीवर वळला. त्यानं जे तोंड सोडलं! "गधड्या! अक्कल गहान ठेवली होती काय बे? देव काय कचेरीचं दार हाये? तीन पिढ्या जे केलं ते तुह्या एका हौशीपायी मातीत गेलं! शेगावले जाऊन आला तं मोठा शहाना झाला! लाज नाही वाटली खोटं बोलाची? देवळात? मारुतीसमोर? बैला, पन्नास वर्साचा घोडा झाला, तरी तुले..."

गीताबाई धावत बाहेर आली. आजूबाजूच्या दारांत माणसं उभी राहिली. म्हाताऱ्याला दम लागला, तरी तो थांबेना. आणि पुंजाजी मान खाली घालून एकेक शिवी ऐकत होता, डोळ्यांतून धार लागली होती, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास छातीभर जात होता. एवढ्या मोठ्या गावात एका माणसानं त्याचं खरं मानलं होतं.

शेवटी म्हातारा खोकला, पाणी प्याला आणि उशीवर पडला.

"आनखी बोला ना, बा," पुंजाजी म्हणाला.

"बस झालं. मले थकवा आला." उकंडबुवानं डोळे मिटले. "ऊठ आता, तीळ काढ. सकाळी शेंदूर लावा लागते ना? पातळ लावजो. खालचं तोंड लोकाईले दिसलं पाह्यजे."

पुंजाजी उठला आणि तेलासाठी तीळ निवडायला बसला.