ओटीतल्या गोळ्या

रंजनाताई नव्या नवरीची ओटी भरायच्या तेव्हा तांदळात नारळासोबत गोळ्यांची एक पट्टीही ठेवायच्या. निफाडजवळच्या आमच्या गावात त्या आशा कार्यकर्त्या होत्या, शिक्षण आठवी. माझ्या वहिनीच्या ओटीत पट्टी पाहून आई म्हणाली, "अजून दिवस नाय राहिले, औषध कशाला?"

"दिवस राहिले हे बाईला कळंस्तोवर बाळाचा मणका मिटत आलेला असतो, आक्का. तो नीट मिटावा म्हणून ही फॉलिकची गोळी आधीच सुरू करायची."

आईने मान डोलावली आणि पट्टी देव्हाऱ्यापाशी ठेवली. हेच मी महिनाभर आधी सांगितलं होतं. मी नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तेव्हा आई म्हणाली होती, "तू आधी पास हो." ताईंचा हेवा वाटायला लागला तो तिथून. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन वहिनीसमोर बसले. आई आणि दादा तिथेच चहा पीत होते. मी वाचून विचारलं: साखरेचा त्रास आहे का, माहेरी कुणाला मणक्यात दोष असलेलं मूल झालं का, कुठलं औषध चालू आहे का. वहिनी सगळ्याला "नाही" म्हणाली. मी समाधानाने वही मिटली.

दोन दिवसांनी रंजनाताई आल्या. मागच्या दारी वहिनी मेथी निवडत होती. त्याही बसून निवडू लागल्या. मी आत भांडी लावत होते. बराच वेळ द्राक्षाच्या छाटणीचं बोलणं चाललं. मग ताई सहज म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला फिट यायची. सासरी चोरून गोळ्या खायची बिचारी."

वहिनीचे हात थांबले. ती उठली आणि तांदळाच्या डब्यातून एक पट्टी घेऊन आली. फिटची गोळी, लग्नाआधीपासूनची. घरात कळलं तर माहेरी धाडतील, ही भीती.

मला तिची काळजी वाटायला हवी होती. आधी वाटलं ते हे, की मला का नाही सांगितलं?

"इकडं ये गं," ताईंनी हाक मारली. "नाव इंग्रजीत हाय, वाच."

बाळाच्या मणक्याला धोका असलेल्या औषधांत तेच नाव माझ्या वहीत होतं. मी म्हणाले, "वहिनी, आजपासून ही बंद."

"बंद नाय करायची. विहिरीवर फिट आली म्हंजे? डॉक्टर बदलून देतील, तवर चालू ठेव. मूल बी तवर थांबू दे." ताई माझ्याकडे वळल्या. "अन् दादाला तू सांग. घरात शिकलेली तू हायेस."

मी अडखळत सांगितलं. दादाने ती पट्टी हातात घेतली. मग वहिनीला म्हणाला, "इतके दिवस एकटीच घेत होतीस?" दुसऱ्या दिवशी त्याने तिला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी औषध हळूहळू बदललं, फॉलिक ॲसिड वाढवून दिलं आणि सांगेपर्यंत थांबायला सांगितलं.

पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली. सगळे तिचं नाक कुणावर गेलं ते पाहत होते. रंजनाताईंनी तिला पालथं धरून मानेपासून खाली पाठीवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तू बी बघ." मी बोट फिरवलं. पाठ मऊ, अखंड होती. वहिनी रडत होती आणि बघत होती ताईंकडे.

गुडघ्यांमुळे ताईंनी काम सोडलं. आता त्या मुलाकडे, देवळाली कॅम्पला असतात. वॉर्डात औषधांचं विचारण्याआधी मी नातेवाइकांना चहाला पाठवते आणि बाईशेजारी बसते. परवा एकजण हळूच म्हणाली, "सिस्टर, हे घरात कुणालाच माहीत नाही."

ताईंना फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही. ही एक तरी माझी असू दे, असं वाटलं.