रातांब्यांच्या खळ्यात वाचलेलं पुस्तक

मला पुस्तक मनातल्या मनात वाचता येत नाही. शाळा लवकर सुटली. वाचायला शिकले ती एसटी स्टँडावरच्या दशावताराच्या जाहिराती मोठ्याने वाचून. त्यामुळे नातीने पाठवलेलं हे पुस्तकसुद्धा अख्ख्या खळ्याला ऐकू गेलं.

रातांब्यांचे दिवस होते. घरापुढच्या खळ्यात मी, माझी धाकटी बहीण आणि शेजारची काकी कोकमं करायला रातांबे फोडत बसायचो. म्हणजे त्या दोघी फोडायच्या, मी वाचायची. बहीण बांद्याहून चार दिवस म्हणून आलेली. रविवारी नवरा तिला न्यायला येणार होता. जायचा विषय निघाला की ती गप्प. मला वाटलं, उन्हाने थकली असेल. नवरा तर सगळ्यांचा लाडका, बारसं असो की मयत, पहिला हजर.

आणि पुस्तक काय हो! मी पेज प्यायची विसरले. एक बाई स्वतःविषयीच लिहितेय, मला कोणाचं दुःख आतून कळत नाही, काही केल्याचा पश्चात्ताप होत नाही. सोशिओपॅथ म्हणतात म्हणे अशा माणसाला. पण ती ते लपवत नाही, स्वतःला आवर घालून संसार करते. असं उघड सांगतं का कोणी कधी? मी एकेक वाक्य ठसक्यात वाचायची, आणि देवळात गाऱ्हाणं घालताना सगळे म्हणतात तसं काकी मागून म्हणायची, "व्हय म्हाराजा." हसून हसून आमची पोटं दुखली.

शनिवारी ते पान आलं. बाई लिहिते, रडायची वेळ आली की मी आधी इतरांचे चेहरे बघते, मग तसा चेहरा करते.

"व्हय म्हाराजा."

या वेळी काकी नव्हती. बहीण होती.

तिने मान वर केली नाही. "आईच्या मयताक ह्येनी आदी सगळ्यांकडे बघल्यानी, मगे हंबरडो फोडल्यानी. घराकडे माझो हात मुरगाळतत, तेवाय तोंडार कायच नसता. माका वाटा, माकाच येड लागला. ही बाई सांगता तरी."

"मगे उद्या जातलंस?" मी विचारलं.

"माका जावचा नाय गो ताय. पण सगळे त्येंकाच व्हय म्हणतले."

रविवारी तो गोड खाज्याची पिशवी घेऊन आला. येणार नाही म्हणून तिने सांगून टाकलं. मी चष्म्यातून त्याच्याकडेच बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मग काकीकडे. परत माझ्याकडे. आणि मगच डोळे भरून आले. अगदी पुस्तकातल्यासारखं!

"ताई, तुम्हीच सांगा, मी हिला काय कमी केलं? हिच्याच मनावर परिणाम झालाय. हो की नाही?"

एवढं बोलून तो थांबला. दरवेळी इथेच आमचा होकार यायचा.

काकीने रातांबा फोडला. दुसरा घेतला.

"काकी, हो की नाही?"

काकीने तोही फोडला, मी पुस्तकाचं पान उलटलं. बघता बघता त्याचे डोळे कोरडे झाले. त्याने खाज्याची पिशवी परत उचलली आणि गाडीकडे गेला.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तशी बहिणीने लाल हाताने टोपली पुढ्यात ओढली.

"गो ताय, फुडचा वाच. त्या बायचा काय झाला?"