पुलाच्या अलीकडच्या दोन जावा

मला पुण्याला न्यायला मुलगा आमच्या गावी, धनजला, गाडी घेऊन आला, तेव्हा माझी धाकटी जाऊ कमल दारात नव्हती. आतल्या खोलीत ती टीव्हीचा जुना व्हिडिओ गेम फडक्यात गुंडाळत होती. "बाई, तुमी चालल्या. आता हा कोनासाठी लावू?" म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिला.

तो गेम दिरांनी पोरांसाठी आणलेला. पोरं शाळेत गेली की आम्ही दोघी बसायचो. नदीवरून लढाऊ विमान न्यायचं, बोटी उडवायच्या, वाटेत पेट्रोल भरून घ्यायचं. मग नदीवर आडवा पूल. तो गोळ्या झाडून फोडला तरच पुढची वाट. आणि मी शहाणी, फोडायचीच नाही. आमच्या नाल्यावर पूल नव्हता, पावसाळ्यात एसटी पलीकडेच थांबायची; मग कोणाचा बांधलेला पूल पाडायचा कसा? रोज विमान त्यावर आपटायचं. माझ्या अकलेची झेप तेवढीच.

कमल वैतागायची. "फोडा नं बाई. त्याच्यावरून कोनाची वरात चालली काय?" पण रिमोट हाती आला की तीही तिथंच आपटायची. मोठ्या जावेच्या पुढं जायचं नाही, असं तिला माहेरून शिकवून पाठवलेलं. पंगतीत ठीक होतं, ही बाई विमानातही पाळायची. पलीकडे काय असेल, यावर मात्र आमच्या दुपारच्या दुपारी जायच्या. मी म्हणे समुद्र. ती म्हणे तालुक्याचा, कारंजाचा बाजार.

पुण्यात लिफ्ट आहे, भाजी मोबाइलवर येते, बोलायला मात्र सगळ्यांना रविवार लागतो. कमलचा फोन यायचा. "जेवल्या काय?" "जेवली." मग फोन ठेवायचा. जन्मभराची बडबड अशी आटते की काय, याची मला धास्ती बसली.

परवा नातीनं तसाच गेम मोबाइलवर शोधून दिला. मी मन घट्ट करून पूल फोडला आणि लगेच फोन लावला. "कमल, काढ तो गेम."

"काहून? काय हाय पलीकडं?"

"सांगत नाही जा. मी पाहून आली. आता तुले मोकळीक हाय."

फोन चालू ठेवूनच ती बसली. धडाम. थोड्या वेळानं पुन्हा धडाम. "अवो बाई, पुलामागं पूलच हायेत की. हा तिसरा. तुमी कुठवर गेल्या?"

"दुसऱ्यावर मेली."

ती हसली. "मंग राहा तिथंच. पुढचं मी सांगीन तुमाले."

सोसायटीतल्या बायका विचारतात, आजी, घर कुठं तुमचं? धनज, म्हणते मी. तिथं माझी धाकटी जाऊ रोज दुपारी मला मागं टाकते आणि वर फोन करून चिडवते.