बेलभंडार

अप्पासाहेबांच्या स्वयंपाकघरात द्वारकाबाईचा जन्म गेला, पण त्यांच्यापुढे तिचा आवाज चढला तो एकदाच, बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत. अप्पासाहेब म्हणजे होळकर दरबारचे जुने मानकरी. दरबार संपला, तसे आता ते मतं मागत उभे राहिले होते.

मत देऊन नोकरमाणसं परतली, तर ओसरीवर देवघरातलं तबक मांडलेलं. त्यात बेल आणि खंडोबाचा भंडारा. एकेकानं तो उचलायचा आणि मत मालकांच्याच पेटीत टाकलं अशी शपथ घ्यायची. माळ्यानं घेतली, टांगेवाल्या लक्ष्मणनं घेतली. द्वारकाबाईनं हात पदराखाली घेतले.

"मी नाही उचलणार."

"म्हणजे दगा दिलास!" अप्पासाहेब कडाडले.

"दगा कसला? सरकारनं तिथे पडदा लावला होता. तुम्हालाही लावला, मलाही लावला. तुमच्या पडद्याआड कुणी डोकावलं का?"

"माझं मीठ खाऊन ही भाषा?"

"मीठ खाल्लं, तशा पोळ्याही भाजल्या. हिसाब बराबर! मत काही पगारात येत नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला? ही निघाले."

फाटकापाशी लक्ष्मण कळवळून म्हणाला, "बाई, भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची भीती वाटली ना?"

द्वारकाबाई नुसती हसली आणि चालू लागली. खोटं बोलायची वेळच आली नसती. मत तिनं अप्पासाहेबांनाच दिलं होतं.