रहिमतुल्ला रंगाऱ्याच्या चार लडी

रहिमतुल्लाचाचा आधी पाणी चाखत आणि मग माणसाशी बोलत. आमच्या घरी आले की तांब्याला तोंड लावून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पाटलाच्या विहिरीचं हाय. पाऊस झाल्यापास्नं गोडी उतरली." माझी बायको मला डोळ्यांनी खुणावायची, की बघा, तुम्हाला चहातली साखरसुद्धा कळत नाही.

मी तेव्हा सीना नदीकाठच्या त्या गावात शाळामास्तर होतो. साल एकोणीसशे एकतीस. चाचा मूळचे सोलापूरचे रंगारी. विणकरांचं सूत बैलगाडीतून आणायचं, तांबडं रंगवायचं, वाहत्या पाण्यात धुऊन परत पाठवायचं, हा धंदा. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या रंगखान्यात हात लाल केल्यावर त्यांना नदीच्या वळणावरची ही जागा मिळाली होती. ती सुटली तर पुन्हा तीच मजुरी, आणि वय साठीला टेकलेलं.

वळणाच्या खाली नदीत दोन बेटं होती. दोन बेटांमधून जाणाऱ्या पाण्याला गाव थोरला बोळ म्हणे, आणि अलीकडचं बेट व आमचा काठ यांच्यामधल्याला धाकटा बोळ. धाकट्या बोळावर बायका पिण्याचं पाणी भरत. त्या थंडीत पाणी मचूळ लागू लागलं, पोरांची पोटं दुखू लागली. पाणवठ्यावर सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या सोनाबाईनं थेट हिंदुराव पाटलाचा ओटा गाठला. "त्या रंगाऱ्याचं धुणं आमच्या घागरीत येतंय. उठवा त्याला."

पाटील माणूस न्यायी, पण घाईचा. त्यानं मला बोलावलं, कारण माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेलं खिशातलं घड्याळ होतं आणि ते बाहेर काढायची संधी मी सोडत नसे. मी म्हणालो, सोपं आहे. जोंधळ्याच्या धाटाचे वीस तुकडे वळणावर सोडू आणि कुठल्या बोळात जातात ते मोजू.

सगळा गाव काठावर जमला. चाचा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक तुकडा सोडत होते, मी घड्याळ बघत होतो. साडेचार मिनिटांत पहिला तुकडा थोरल्या बोळात शिरला. मागोमाग दुसरा, तिसरा. एकोणीस तिकडे गेले आणि एक लव्हाळ्यात अडकला. धाकट्या बोळात एकही नाही. मी आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. पाटील म्हणाला, "झालं. रंगारी जाग्यावरच ऱ्हाईल." सोनाबाई घागर उचलून निघून गेली. माझी छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता चाचा दारात हजर.

"मास्तर, एक इचारू? धाट वर तरंगतं. ते वरच्या पाण्याचं सांगणार. खालच्याचं कोन सांगणार?"

"पाणी ते पाणी. वर काय, खाली काय!"

"न्हाय की. आमच्या रंगाच्या आधणात मीठ असतं, सोडा असतो. ते पाणी जड. कढईतसुद्धा तळाला बसतंय. नदीत वर कशाला ऱ्हाईल?"

मला रागच आला. निकाल यांच्या बाजूनं लागलेला, तो लावला मी, आणि हेच तो खरवडत बसलेले! पण त्यांच्या चेहऱ्यावर वाद नव्हता. ती एक खाज होती. उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं.

त्यांनी पांढऱ्या सुताच्या चार लडी घेतल्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढल्या. तुरटी दिलेलं सूत पाण्यातला थोडासाही रंग ओढून घेतं, असं त्यांनी मला समजावलं. मग प्रत्येक बोळात दोन लडी सोडल्या: एक वाळल्या भोपळ्याला बांधून वर, एक धोंड्याला बांधून तळाशी. दिवसभर रोजच्यासारखं सूत धुतलं. ऊन कलल्यावर आम्ही दोघं लडी काढायला गेलो.

थोरल्या बोळातल्या दोन्ही पांढऱ्या निघाल्या. धाकट्या बोळात वरची पांढरी. तळाची त्यांनी ओढून काढली, पिळली आणि उन्हाकडे धरली. ती गुलाबी होती. फिकी, पण गुलाबी.

"वा!" चाचा पाण्यातच ओरडले. "बघा मास्तर, बघा! वळणावर वरचं पाणी भाईर जातंय आन् तळाचं काठाकडं आत येतंय! एकाच नदीत दोन वाटा!" साठीचा माणूस ओल्या लडीला कुरवाळत हसत होता. मीही हसलो. मग आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की आपण काय धरून उभे आहोत.

"टाकून द्या ती," मी म्हणालो. हे मी म्हणालो, मास्तर असून. "कुणी विचारणार नाही."

 चाचा लडी खांद्यावर टाकून सरळ पाटलाच्या ओट्याकडे चालू लागले. मी मागोमाग.

तिथं भलतंच झालं. पाटलानं लडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाचा, मास्तरनं घड्याळ लावून ठरवलंय. सुताच्या धाग्याचं कोन ऐकतंय? तुमचीच जागा तुमी घालवताय व्हय?" सोनाबाईही आली होती, पण तिचा आता रंगाऱ्याच्या कुठल्याच शब्दावर विश्वास नव्हता, तिला यात काहीतरी डाव वाटत होता. चाचा एकदा लडी दाखवत, एकदा हातानं पाण्याच्या दोन वाटा दाखवत. कुणी समजून घेईना. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गप्प राहिलो असतो तर त्यांची जागा राहिली असती आणि माझा मानही. घागरी मात्र धाकट्या बोळातच भरत राहिल्या असत्या.

"माझी परीक्षा चुकली," मी म्हणालो. "मी फक्त वरचं पाणी मोजलं. चाचांचं सूत खरं आहे. पिण्याचं पाणी तिथं भरू नका."

पाटलानं आता हात पुढे करून लडी नीट पाहिली. चाचांनी समाधानानं मान हलवली, गणित सुटल्यावर हलवावी तशी. मग जागा गेल्याचं आठवलं तसं ते समाधान त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

ओट्याच्या खाली त्यांची बायको माजिदा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  ती सरळ वळणावर गेली आणि दोरीवर वाळत घातलेलं सूत, अजून ओलंच होतं ते, काढायला लागली.