धुळ्याची लाइन

तुमच्या काकूची नोकरी गेल्या उन्हाळ्यात सुटायच्या बेतात होती. हे तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात निकाल लागल्याशिवाय बातमी कळवायची पद्धत नाही. आता निकाल लागला आहे, म्हणून लिहिते.

काकू घरांचे नकाशे काढते. तिची कचेरी जळगावला आणि आपण धुळ्याला. लग्नाआधी ती तिथेच बसून काम करायची. लग्नानंतर साहेबांनी तिला घरून काम करायची मोकळीक दिली, कारण तिच्याइतकं स्वच्छ काम करणारं दुसरं कुणी त्यांना सापडत नव्हतं. तुमच्या काकाची नोकरी इथून जवळच्या नरडाण्याच्या कारखान्यात, पाळ्यांची. जळगावला बिऱ्हाड हलवलं तर त्याचे हाल, आणि तिनं रोज पारोळ्यावरून जळगाव गाठायचं म्हटलं तर तिचे. मधला मार्ग म्हणजे तिच्या टेबलावरची ती इंटरनेटची तार.

त्या कचेरीत पुस्तकाएवढी एक काळी पेटी आहे. सगळे नकाशे त्या पेटीत राहतात. तिला ते ड्राइव्ह म्हणतात. जळगावची मंडळी तिथल्या तिथे नकाशे उघडतात, काकू धुळ्याहून. एकानं फाइल उघडली की ती त्याच्या नावावर राहते, म्हणजे दोघांनी एकाच जिन्यावर हात चालवू नये. व्यवस्था चांगली आहे. मला आवडली होती.

उन्हाळा चढला तशी लाइन तुटायला लागली. काकू काम करत असायची आणि पडद्यावरचा नकाशा जागीच थिजायचा. थोड्या वेळानं सगळं पूर्ववत. पण तोवर मधलं काम गेलेलं, आणि फाइल मात्र तिच्याच नावावर अडकलेली. मग जळगावहून फोन यायचा, "मॅडम, सोडा ना फाइल, आम्ही खोळंबलोय." काकू म्हणायची, "सॉरी सर, आमच्याकडची लाइन गेली." तिच्या प्रत्येक फोनची सुरुवात सॉरीनं होऊ लागली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तुमच्या बाबांनी तिकडून सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. तुम्ही दोघांनी सांगितलंत, आजी, तो खिडकीत ठेव. ठेवला. खिडकीत ऊन येतं म्हणून काकानं त्याच्यावर ओला पंचा टाकला, तो मी काढला. मग काकानं एकाच दिवशी तार बदलली, राउटर बदलला आणि प्लगही बदलला. मी त्याला म्हटलं, "अरे, उद्या लाइन सुधारली तर श्रेय कुणाला देणार? एका वेळी एकच गोष्ट बदल."

"आई, ही काय तुझी प्रयोगवही आहे?" तो म्हणाला.

लाइन सुधारली नाही, त्यामुळे श्रेयाचा प्रश्न आला नाही.

काकूनं शेवटी स्वतःपुरता तोडगा काढला. फाइल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, काम करायचं आणि परत पेटीत ठेवायची. त्या दरम्यान जळगावच्या एकानं पेटीतल्या प्रतीत जिना फिरवला. काकूची प्रत त्याच्यावर बसली, आणि घरमालकाला जुन्या जिन्याचा नकाशा गेला. साहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. काकूनं तो स्पीकरवर ठेवला, कदाचित हात खरकटा होता म्हणून.

"मॅडम, काम तुमचं चांगलंय, त्याबद्दल वादच नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या महिन्यापासून इथे येऊन बसा. नाहीतर मला माणूस बघावा लागेल. इथे आमच्याकडे एकदाही लाइन जात नाही."

काका म्हणाला, "सोडून दे. दुसरी मिळेल."

"धुळ्यात? मला दुसरी नकोय," काकू म्हणाली आणि ताटातला भात संपवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला एक सुचवलं. घरची तार काढून ठेव आणि मोबाइलच्या इंटरनेटवर काम कर. तिनं केलं. दुपारी लाइन तशीच तुटली. दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलं तरी तेच दार बंद मिळत असेल, तर खोट रस्त्यात नाही. मी तसं म्हटलं. काकू म्हणाली, "मला पटतंय, आई. पण साहेबांना कोण सांगणार? त्यांच्याकडे लाइन जात नाही." आणखी एक गोष्ट मला विचित्र वाटत होती. मध्ये एक दिवस आभाळ आलं आणि हवा गार झाली, त्या दिवशी लाइन संध्याकाळपर्यंत टिकली. ढगांनी लाइन बिघडते असं ऐकलं होतं, सुधारते असं नाही.

पुढच्या आठवड्यात मला जळगावातच मेहरूणला माझ्या बहिणीकडे जायचं होतं. लाइनवर विश्वास उरला नव्हता, म्हणून काकूनं एक पूर्ण झालेला नकाशा पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्याजवळ दिला. मी तो पर्समध्ये, चष्म्याच्या घरात ठेवला आणि बसनं जळगावला गेले.

कचेरी लहान आहे. तीन टेबलं, भिंतीला ती काळी पेटी आणि खिडकीशी पिंपाएवढा पत्र्याचा कूलर. साहेब साइटवर गेले होते. त्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, कूलरजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, धुळ्याच्या उन्हाची चौकशी केली, आणि मग उठून बादली उचलली.

"आबा पाणी टाकताहेत रे!" टेबलावरचा एकजण ओरडला. तिघांनी आपापलं काम सेव्ह केलं आणि उठले. "चला मावशी, चहा घ्यायला."

आबांनी भिंतीवरचं मोठं बटण खाली पाडलं. कूलर थांबला. पेटीवरचे हिरवे दिवेही गेले. माझ्या पर्समधला फोन वाजला.

"आई, पोचलात का? इथे परत गेली बघा लाइन."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्यासमोरच गेली."

मी आबांना विचारलं, पाण्यासाठी सगळंच का बंद करता?

"लोखंडना कूलर शे अक्का, शॉक लागस," ते बादली ओतत म्हणाले. "बठ्ठं बंद करीसनीच पानी टाकनं पडस. मन्हा शेजारीले असाच शॉक लागेल व्हता."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मीही घरी तसंच करते. ज्या दिवशी ऊन जास्त, त्या दिवशी कूलर पाणी जास्त पितो आणि बटण जास्त वेळा पडतं. आभाळ आलं की पाण्याची गरज कमी. मी त्या तिघांना म्हटलं, "तुमची लाइन तर रोज जाते की."

"नाही मावशी, लाइन कुठे? हे आबांचं पाणी आहे," एकजण म्हणाला. मग तो पेटीकडे बघत राहिला. दुसरा त्याला म्हणाला, "अन् तू मॅडमला फोन करून फाइल मागतोस होय रे, चहा पिऊन आल्यावर?"

साहेब आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला. कूलरला वेगळं बटण मिळालं. निघताना ते म्हणाले, "मग राहू द्या मॅडमना धुळ्यातच." माफीचा शब्द नव्हता. मीही तो मागितला नाही, कारण माफी मागायची असली तर ती काकूची मागायची होती.

लाइन टिकली. काकू मात्र बरेच दिवस फोन उचलला की आधी सॉरी म्हणायची आणि मग काय काम आहे ते विचारायची. सवय लागते.

परवा दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत लाइन पुन्हा तुटली. मी भाजी निवडत बाजूलाच होते. काकूनं मोबाइलवरून एकदा जोडून पाहिलं, जोडलं गेलं नाही. तिनं कचेरीत फोन लावला.

"सर, इकडचं सगळं तपासलंय, ठीक आहे. तिकडे कुणी काय बंद केलंय ते बघा."

"आबा, बटण पाडलंत का?" साहेबांनी पलीकडे विचारलं. मग लांबून आबांचा आवाज आला, "कूलर नही वं माय, आते पंखा पुसी ऱ्हायनू!"

"पुसा आबा, सावकाश पुसा," काकू म्हणाली. "आणि सर, त्या पेटीला एक बॅटरी घ्या."

त्यांनी घेतली.