कानमिस्त्री आणि माझी चिप

मारेगावचे आमचे कानमिस्त्री इंजिनाला पेचकस टेकवायचे, त्याची मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. गाडीवाल्याने मध्ये तोंड उघडलं की म्हणायचे, "तू चूप बस, मी तिलेच विचारतो." माणूस बढाया मारतो, गाडी मारत नाही, हा त्यांचा पक्का हिशेब.

अशा माणसाकडे मी ऑनलाइन मागवलेली 'पावर चिप' मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरला ती जोडली की गाडी पळालीच समजा, असं व्हिडिओवाला छातीठोकपणे सांगत होता. मिस्त्रींनी नखानेच झाकण उघडलं. आत एक चिमुकला रेझिस्टर, बाकी ठणठणगोपाळ.

"हे इंजिनाले सांगते का बाहेर थंडी हाय," ते म्हणाले. "मारेगावात, मे महिन्यात."

म्हणजे इंजिन बिचारं थंडी समजून जास्त पेट्रोल पिणार, काळा धूर सोडणार आणि पळणार मात्र होतं पहिल्याइतकंच. पण मी पडलो मास्तर, ऐकतो कशाला? बसवाच म्हणून हट्ट धरला.

बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी काहीतरी खुडबुड केली. मी राजूर फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो आणि गाडी नुसती उडते, चढावर तर विचारूच नका, असं चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग खिशातून चिप काढून माझ्या हातावर ठेवली. बसवलीच नव्हती! पुढे वर्षभर हा दुष्ट माणूस माझी ओळख 'उडत्या गाडीवाले सर' अशीच करून देत होता.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. त्याच गाडीतून मी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, फार दिवस नाहीत. त्यांना कळू द्यायचं नाही, असं घरच्यांनी बजावलं. मी आत गेलो आणि हसतहसत म्हणालो, रिपोर्ट चांगला आहे, साधी सूज आहे.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं, इंजिनाचं ऐकायचे तसंच.

"सर, मले थंडी सांगून राह्यले काय?"

मला रडूच फुटलं. सगळं खरं सांगून टाकलं. घरचे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मिस्त्री मात्र म्हणाले, मग घरी चला. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी क्षणभर कान दिला.

"एअर फिल्टर बदला, सर. बाकी गाडी बेस हाय."

फिल्टर बदलला. या वेळी गाडीत खरंच फरक पडला, पण तो सांगायला गेलो तोवर मिस्त्री राहिले नव्हते.